बर्फाचे पांघरूण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)





जैन कुटुंबातील बालकावर पाण्याविषयीचा पहिला संस्कार घरातील माठापाशी होतो. हंड्याच्या तोंडावर दुहेरी घडीचे गाळणे धरायचे, पाणी सावकाश ओतायचे, गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात हलकेच सोडायचे आणि लागेल तेवढेच पाणी घ्यायचे, हा क्रम अनेक पिढ्यांनी पाळला. जल हे जीवांचे शरीर आहे आणि जलात इतरही असंख्य जीव वस्ती करून आहेत, ही जाणीव त्यामागे होती.

याच परंपरेत जलाच्या विविध रूपांची नोंद आढळते. अप्काय जीवांचे प्रकार सांगताना शास्त्रकारांनी विहीर-नदीच्या पाण्याबरोबर दव, धुके, हिम आणि गारा यांचीही गणना केली आहे. बावीस अभक्ष्यांच्या परंपरागत यादीतही हिम आणि गारा यांचा समावेश आहे. त्यामुळे व्रतस्थ श्रावकाच्या पेल्यात बर्फ येत नाही. तथापि ज्या पदार्थाला श्रावकाच्या पेल्यात स्थान नाही, त्याच पदार्थाने शीत प्रदेशांतील अगणित जलचरांना लक्षावधी हिवाळ्यांतून तारून नेले आहे. बर्फ पाण्यावर तरंगतो, या एका गुणामुळे हे घडते. तो का तरंगतो आणि त्याच्या तरंगण्याने काय साधते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

नियम आणि अपवाद

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकुंचन पावतात. द्रवाचा घन झाला की त्याचे कण अधिक जवळ येतात, तेवढ्याच जागेत अधिक वस्तुमान मावते आणि पदार्थ जड होतो. पातळ केलेल्या तुपात थिजलेल्या तुपाचा गोळा टाकला तर तो तळाशी जातो. वितळलेल्या मेणात मेणाचा तुकडा बुडतो. वितळलेल्या शिशात शिशाचा तुकडाही बुडतो. हा सर्वसाधारण नियम झाला.

पाणीही बऱ्याच अंशी हा नियम पाळते. उकळते पाणी निवू लागले की त्याचे आकारमान कमी होत जाते व घनता वाढत जाते. परंतु हा क्रम सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंतच चालतो. त्या तापमानाला पाण्याची घनता सर्वाधिक असते. त्याहून अधिक थंड केले असता पाणी आकुंचन न पावता किंचित प्रसरण पावू लागते. शून्य अंशाला ते गोठते, तेव्हा तर त्याचे आकारमान एकदम सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १,००० ग्रॅम, तर एक लिटर आकारमानाच्या बर्फाचे वस्तुमान सुमारे ९१७ ग्रॅम भरते. म्हणून बर्फ तरंगतो. त्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग पाण्याखाली व एक-दशांश भाग पाण्यावर राहतो. पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली असता ती फुटते, त्याचेही कारण हेच. शालेय पुस्तकांत या वर्तनाला पाण्याचे असंगत आचरण असे नाव आहे.

पाणी हा याबाबतीत एकमेव पदार्थ आहे, असे विधान अनेकदा केले जाते. ते बरोबर नाही. बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन, जर्मेनियम हे पदार्थही गोठताना प्रसरण पावतात. परंतु यांपैकी कोणत्याही पदार्थाचे समुद्र आणि सरोवरे पृथ्वीवर नाहीत, आणि कोणत्याही प्राण्याचे रक्त त्यांचे बनलेले नाही. पाण्याच्या अपवादाला एवढे महत्त्व येते, ते पाण्याच्या विपुलतेमुळे आणि जीवनातील त्याच्या स्थानामुळे.

एका वादाची कथा

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. १६११ साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत विद्वानांमध्ये यावरून मोठा वाद झाला. थंडीने वस्तू आकुंचन पावते, बर्फ हे थंडीने आकुंचन पावलेले पाणी आहे, म्हणजे ते पाण्याहून जड असलेच पाहिजे, असे ॲरिस्टॉटलच्या अनुयायांचे म्हणणे होते. मग ते तरंगते कसे? बर्फाचा पापुद्रा रुंद व सपाट असल्यामुळे पाणी त्याला खाली जाऊ देत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. गॅलिलिओने ते अमान्य केले. बर्फाचा तुकडा कोणत्याही आकाराचा असो, तो पाण्याखाली दाबून सोडला तर वर येतो. तेव्हा कारण आकारात नसून बर्फाच्या हलकेपणात आहे, बर्फ म्हणजे विरळ झालेले पाणी होय, असा त्याचा पक्ष होता. १६१२ साली त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

योगायोग असा की, त्याच १६११ साली प्राग येथे योहान केप्लर या खगोलवेत्त्याने हिमकणांवर एक छोटे पुस्तक लिहिले. हिमकणाला नेहमी सहाच कोपरे का असतात, पाच किंवा सात का नाहीत, हा त्याचा प्रश्न होता. या दोन प्रश्नांचे मूळ उत्तर एकच आहे, हे समजण्यास पुढे तीन शतके लागली.

दरम्यान १८०५ साली एडिंबरो येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस चार्ल्स होप यांनी ४ अंशांचे रहस्य एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. पाण्याने भरलेल्या उंच पात्राला मध्यभागी बर्फ व मीठ यांच्या गोठणमिश्रणाने वेढावे आणि वरच्या व खालच्या भागांत एकेक तापमापी बसवावा. प्रथम खालच्या तापमापीतील पारा उतरतो, कारण थंड झालेले पाणी जड होऊन तळाशी जाते. तो ४ अंशांपाशी थांबतो. त्यानंतर वरचा पारा उतरू लागतो आणि शून्यापर्यंत जातो, कारण ४ अंशांहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर चढते. महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्यांना होपचे उपकरण या नावाने हा प्रयोग परिचित आहे.

रेणूंची वीण

पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे तिघे एका सरळ रेषेत नसतात. त्यांच्यामध्ये सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण प्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असल्यामुळे एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. या आकर्षणाला हायड्रोजन बंध म्हणतात. एक रेणू असे चार बंध जोडू शकतो.

द्रवरूप पाण्यात हे बंध क्षणोक्षणी जुळतात आणि तुटतात. रेणू एकमेकांच्या मोकळ्या जागांत शिरतात आणि दाटीने राहतात. पाणी गोठते तेव्हा मात्र प्रत्येक रेणू आपल्या चार शेजाऱ्यांना ठराविक दिशांनी धरून स्थिर होतो. या रचनेत षट्कोनी कडी तयार होतात आणि कड्यांच्या मध्ये पोकळ जागा राहते. १९२२ साली विल्यम हेन्री ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या आधारे बर्फाच्या स्फटिकाची रचना मांडली, आणि १९३३ साली जे. डी. बर्नाल व आर. एच. फाउलर यांनी त्यातील रेणूंच्या मांडणीचे स्पष्टीकरण दिले.

वस्त्राच्या उदाहरणाने हे सहज उमजेल. तेवढ्याच सुताचे घट्ट विणीचे कापड विणले तर ते लहान व दाट होते. तेच सूत जाळीदार विणीत वापरले तर कापड मोठे होते, पण हाताला विरळ लागते. सूत तेवढेच, वजन तेवढेच, जागा मात्र अधिक. पाणी हे दाटीचे कापड आणि बर्फ ही जाळी होय. गॅलिलिओला विरळपणा दिसला आणि केप्लरला षट्कोन दिसला. दोहोंचे मूळ या एकाच विणीत आहे.

बर्फ वितळला तरी ही वीण एकदम पूर्णपणे उसवत नाही. शून्य ते ४ अंशांच्या दरम्यान तिचे अवशेष मोडत जातात आणि रेणू दाटीने बसू लागतात. दुसरीकडे वाढत्या उष्णतेने रेणूंची हालचाल वाढून ते दूर सरू पाहतात. ४ अंशांपाशी या दोन परिणामांचा समतोल साधतो. त्या तापमानाला घनता सर्वाधिक असते, ती यामुळे.

सरोवर गोठते तेव्हा

आता शीत प्रदेशातील एखादे गोड्या पाण्याचे सरोवर डोळ्यांसमोर आणावे. शरद ऋतूत हवा थंड होऊ लागते. पृष्ठभागावरील पाणी निवते, जड होते आणि तळाशी जाते. त्याच्या जागी तळाचे उबदार पाणी वर येते. या घुसळणीमुळे वरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू खोलवर पोहोचतो. संपूर्ण सरोवर ४ अंशांपर्यंत आले की ही घुसळण थांबते. त्यानंतर पृष्ठभागावरचे पाणी ३, २, १ अंश असे थंड होत गेले तरी ते हलके असल्यामुळे वरच राहते. शेवटी त्याचा बर्फ होतो आणि तोही वरच राहतो. तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक असते.

बर्फाचा थर जमला की तो पांघरुणाचे काम करतो. बर्फ उष्णतेचा मंदवाहक आहे. त्यावर पडलेले भुसभुशीत हिम तर त्याहूनही मंदवाहक आहे. शिवाय एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर टाकते. ही उष्णता जाड होत चाललेल्या थरातून वर जाण्यास अधिकाधिक वेळ लागतो, म्हणून थर जितका जाड, तितकी त्याची पुढील वाढ मंद होते. बाहेर शून्याखाली वीस-तीस अंश थंडी असली तरी खोल सरोवर तळापर्यंत गोठत नाही.

हिमालयाच्या पलीकडे लडाखमधील झंस्कार नदीवर हिवाळ्यात असाच थर जमतो. तेथील लोकांनी त्याला दिलेले ‘चादर’ हे नाव किती समर्पक आहे! जानेवारी-फेब्रुवारीत या चादरीवरून माणसे चालतात. महाराष्ट्रातील गिर्यारोहकही तेथे जात असतात. पायांखाली बर्फ असतो आणि बर्फाखालून नदी वाहत असते.

बर्फ पाण्याहून जड असता तर काय झाले असते? पृष्ठभागावर तयार झालेला प्रत्येक स्फटिक तळाशी गेला असता. उघडे पडलेले पाणी पुन्हा थंड हवेला सामोरे गेले असते आणि पुन्हा गोठले असते. सरोवर तळापासून वर भरत गेले असते. उन्हाळ्यातील सूर्याची उष्णता प्रामुख्याने पृष्ठभागाजवळच शोषली जात असल्यामुळे तळाचा बर्फ वितळणे फार कठीण झाले असते. अशा पाण्यात मासे, शिंपले आणि जलवनस्पती यांना हिवाळा काढण्यास जागाच उरली नसती.

तथापि हे पांघरूण सर्वच प्रसंगी तारक ठरते असेही नाही. उथळ तळ्यावर जाड हिम साचून प्रकाश अडला, तर पाण्याखालच्या वनस्पतींकडून प्राणवायू निर्माण होत नाही आणि हिवाळा लांबला तर मासे गुदमरून मरतात. निसर्गनियम सर्वांना सारखाच लागू असतो. तो कोणाची निवड करत नाही.

बैकालचे दर्शन

रशियाच्या सायबेरिया प्रांतातील बैकाल सरोवर हे या विषयाचे भव्य उदाहरण आहे. त्याची कमाल खोली १,६४२ मीटर असून ते जगातील सर्वांत खोल सरोवर आहे. पृथ्वीवरील द्रवरूप गोड्या पृष्ठजलाचा सुमारे पाचवा हिस्सा या एका सरोवरात आहे. जानेवारीत ते गोठते आणि मे महिन्यापर्यंत बर्फ टिकतो. बर्फाची जाडी सुमारे एक मीटर होते. १९०४ साली रशिया-जपान युद्धाच्या वेळी या बर्फावर रूळ टाकून रेल्वेचे डबे घोड्यांकरवी ओढून नेण्यात आले होते.

एवढ्या भक्कम छताखाली सरोवर निद्रिस्त असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात वारे वाहून बर्फावरचे हिम दूर होते, पारदर्शक बर्फातून सूर्यप्रकाश खाली उतरतो आणि वसंतारंभी बर्फाखालीच सूक्ष्म शैवालांचा बहर येतो. त्यांवर एपिशुरा नावाचे इवलेसे कवचधारी जीव जगतात. हे जीव पाणी अखंड गाळत असतात, आणि बैकालच्या प्रसिद्ध निर्मळपणाचे बरेच श्रेय त्यांना दिले जाते. या जीवांवर मासे जगतात. त्यांत गोलोम्यांका हा जवळजवळ पारदर्शक मासा अंडी न घालता पिलांनाच जन्म देतो. नेर्पा नावाचा गोड्या पाण्यातील सील बर्फाला नखांनी छिद्रे पाडून श्वास घेतो आणि बर्फावरील हिमाच्या गुहेत पिलांना वाढवतो. म्हणजे बर्फाच्या खालीही संसार आहे आणि वरही आहे.

समुद्राची रीत निराळी

४ अंशांचा नियम गोड्या पाण्याचा आहे. समुद्राच्या पाण्यात सरासरी सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. असे पाणी गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे सुमारे उणे १.८ अंशांपर्यंत जड होतच जाते. तरीही समुद्रावरील बर्फ तरंगतो, कारण पाणी गोठताना क्षार मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकले जातात. हे क्षारयुक्त थंड पाणी जड होऊन खोल समुद्रात उतरते, आपल्याबरोबर प्राणवायू नेते आणि महासागरांतील खोल प्रवाहांना गती देते. अंटार्क्टिकाभोवती समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूला शैवाल वाढते. क्रिल या कोळंबीसदृश जीवाची पिले हिवाळ्यात त्यावर गुजराण करतात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व महाकाय देवमासे अवलंबून असतात.

शुभ्र बर्फ सूर्यप्रकाशही परत पाठवतो. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के वा त्याहून अधिक प्रकाश परावर्तित करते, तर गडद समुद्र बहुतांश प्रकाश शोषून घेतो. पृथ्वीचे तापमान राखण्यात ध्रुवीय बर्फाचा हा वाटा मोठा आहे.

भूवैज्ञानिकांच्या मते सुमारे ७२ कोटी ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी दोनदा प्रदीर्घ हिमयुगात सापडली आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशापर्यंत बर्फ पोहोचला. तेव्हाही बर्फाखाली समुद्र द्रवरूप राहिला आणि त्या काळातील सूक्ष्म जीव तगून राहिले. पुढील समस्त प्राणिसृष्टी त्या तगलेल्या जीवांच्या वंशातून विस्तारली.

विज्ञान आणि दर्शन

अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने पाण्याच्या या गुणात विधात्याची योजना पाहिली. जैन दर्शन सृष्टीचा कोणी कर्ता मानत नाही. प्रत्येक द्रव्य आपापल्या स्वभावानुसार परिणमन पावते, अशी त्याची भूमिका आहे. पाण्याच्या रेणूचा कोन, त्यातून निर्माण होणारे बंध, त्या बंधांची जाळी आणि जाळीचा हलकेपणा ही साखळी पाहताना स्वभाव या शब्दाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पाणी माशांसाठी म्हणून गोठत नाही. ते आपल्या स्वभावाने गोठते आणि त्या स्वभावाच्या आश्रयाने मासे जगतात.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाने दिसणारे जीव दाखवून अप्कायाचा सिद्धान्त विज्ञानाने सिद्ध केला, असे अनेक धार्मिक पुस्तिकांत लिहिले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते पाण्यात राहणारे जीव. अप्काय म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे ते जीव. या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली निरीक्षणाचा विषय आहे, दुसरी श्रद्धेचा व दर्शनाचा. हायड्रोजन बंध आगमांत शोधू नयेत आणि अप्काय प्रयोगशाळेत शोधू नयेत. सत्य हे महाव्रत आहे, आणि धर्माची महती वाढविण्यासाठीही असत्याचा आधार घेणे त्याच्याशी विसंगत ठरते.

असा भेद राखूनही दोहोंना एकत्र ठेवून विचार करता येतो. तत्त्वार्थसूत्रात जीव परस्परांना उपकारक असतात, असा सिद्धान्त मांडलेला आहे. परंपरेच्या दृष्टीने हिम हेही जीवांचे शरीर आहे. त्या दृष्टीने पाहिले तर बैकालवरील बर्फ म्हणजे जीवांनी जीवांवर घातलेले पांघरूणच होय. विज्ञान त्या पांघरुणाची जाडी आणि तापमान सांगते. दर्शन त्याच्याशी कसे वागावे ते सांगते.

दोन रोजमेळ

ही वागणूक आज महत्त्वाची ठरली आहे, कारण हे पांघरूण विरत चालले आहे. त्याचा पुरावा ज्यांनी जपला, त्यांची हकीकत या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विशेष मननीय आहे.

जपानमध्ये सुवा नावाचे सरोवर आहे. कडक हिवाळ्यात ते गोठते. रात्रीच्या थंडीने बर्फ आकुंचन पावून त्याला भेगा पडतात, भेगांतील पाणी गोठते, दिवसा बर्फ पुन्हा प्रसरण पावतो आणि भेगेच्या ठिकाणी बर्फाचा उंच बांध उभा राहतो. एका काठावरील देव सरोवर ओलांडून पलीकडच्या काठावरील देवीच्या भेटीस गेला, त्याची ही वाट, अशी तेथील श्रद्धा आहे. या श्रद्धेपोटी तेथील शिंतो देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी १४४३ सालापासून सरोवर कधी गोठले, याची नोंद ठेवली. राज्ये बदलली, युद्धे झाली, पुजाऱ्यांच्या पिढ्या सरल्या, नोंद चालू राहिली. त्या नोंदींनुसार पहिल्या सुमारे अडीचशे वर्षांत केवळ तीन हिवाळे असे गेले की सरोवर गोठले नाही. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत असे बारा हिवाळे आले, आणि २००५ ते २०१४ या दहाच वर्षांत पाच. २०१९ ते २०२५ या सलग सात वर्षी देवाची वाट उमटली नाही.

दुसरी नोंद बैकालची. इर्कुट्स्क विद्यापीठाचे प्राध्यापक मिखाईल कोझोव यांनी १९४५ साली सरोवरातील पाण्याचे तापमान व सूक्ष्म जीव यांची नियमित मोजणी सुरू केली. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडूनही ती केली जात असे. त्यांच्या पश्चात कन्या ओल्गा आणि नंतर नात ल्युबोव यांनी हे कार्य पुढे चालविले. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचा हा रोजमेळ २००८ साली जगापुढे आला, तेव्हा १९४६ पासून सरोवराच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे १.२ अंशांनी तापले असल्याचे दिसून आले. एवढे अफाट सरोवरही तापू शकते, यावर तोवर सहजासहजी विश्वास बसत नव्हता. इतर नोंदींवरून १८६९ ते २००० या काळात तेथील बर्फविरहित दिवस सुमारे १८ ने वाढल्याचे आढळले.

उत्तर ध्रुवीय समुद्राची कथाही निराळी नाही. उपग्रहांच्या नोंदी १९७९ पासून सलग उपलब्ध आहेत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तेथे सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ होता. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाखांवर आला होता. बर्फ हटला की गडद समुद्र अधिक उष्णता शोषतो, त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. कर्जाच्या व्याजावर व्याज चढावे, तसा हा प्रकार आहे. कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनातून हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड हे या तापवाढीचे मुख्य कारण आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आज मतभेद उरलेला नाही.

पुढील पन्नास वर्षांसाठी

सायबेरियातील बर्फ वाचविणे एका गावातील विश्वस्त मंडळाच्या हाती नाही. परंतु ज्या उपभोगातून ही उष्णता निर्माण होते, त्या उपभोगाला मर्यादा घालण्याचे व्रत जैन श्रावकाला नवे नाही. परिग्रह-परिमाण आणि भोगोपभोग-परिमाण ही व्रते त्यासाठीच सांगितली आहेत. महोत्सवांतील अनावश्यक रोषणाई, जेवणावळींतील नासाडी आणि सोयीपुरतीच धावणारी वाहने यांचा हिशेब या व्रतांच्या उजेडात मांडला गेला पाहिजे. गाळण्याच्या वस्त्राने पाण्यातील जीव राखायचे आणि त्याच वेळी बेसुमार इंधन जाळून दूरच्या सरोवरातील जीवांचे पांघरूण फाडायचे, हे अहिंसेच्या हिशेबात बसत नाही.

दुसरी सूचना नोंदीची. जैन समाज व्यापाऱ्यांचा आहे. वह्या लिहिणे त्याच्या रक्तात आहे. सुवा येथील पुजाऱ्यांकडे कोणतेही यंत्र नव्हते, होती ती वही आणि सातत्य. संस्थेच्या आवारातील विहिरीच्या पाण्याची पातळी, रोजचा पाऊस आणि दिवसाचे कमाल-किमान तापमान यांची एक वही या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून सुरू करता येईल. तिला लागते एक पर्जन्यमापक, एक तापमापी, एक दोरी आणि दररोजची पाच मिनिटे. पाठशाळेतील मुलामुलींकडे हे काम पाळीपाळीने सोपविता येईल. नोंद खरी असावी, पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहिले जावे, आणि एकही दिवस कोरा राहू नये, एवढाच नियम.

अशी वही संस्थेच्या शताब्दीपर्यंत चालली, तर त्या वेळच्या विश्वस्तांना मंदिर आणि धर्मशाळा यांबरोबर पन्नास वर्षांच्या जलाचा चोख हिशेबही वारशात मिळेल. त्यांच्या वाट्याला आलेले पाणी किती, ते त्यांना त्यातून कळेल आणि गाळणे हातात धरताना ते कोणाला राखत आहेत, याचे भान टिकेल.

जय जिनेंद्र.